रुखवतातले सात पाइप

‘सौ. सुकन्या हिने स्वहस्ते तयार केलेल्या वस्तू.’

गुलाबी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, कडेनं मोत्यांची झालर. लातूरच्या दुकानात अशी पाटी दहा मिनिटांत करून देतात. नाव सांगायचं, बस. सौ. व्हायला मला अजून अकरा दिवस होते आणि पाटीसोबत घेतलेल्या वस्तूंपैकी एकही मी केलेली नव्हती.

"मागच्या हप्त्यात हाच सेट रूपालीच्या नावानं निलंग्याला गेला," दुकानदार कौतुकानं म्हणाला. "लई गाजला."

"मग तिचं नाव खोडून माझं लिहा की. पुठ्ठा वाचंल."

आईनं मला कोपरानं ढोसलं.

वस्तू पहिली: काडेपेटीच्या काड्यांचं देऊळ

कळस आहे, पायऱ्या आहेत, आत दिवा लागतो. बटण मागच्या बाजूला. उदगीरला परत येताना बसमध्ये आईनं माझी तोंडी परीक्षा घेतली.

"विहीणबाई बोट ठिवून इचारतील. कसं केलंस?"

"आधी पुठ्ठा कापला."

"मग?"

"मग काड्यांची गुलं काढली. मग फेव्हिकॉल. आई, मी दरसाल चाळीस पोरांची तोंडी घेते. पाठ केलेलं उत्तर मला तिसऱ्या शब्दाला कळतं."

"विहीणबाई काय आयटीआयच्या मास्तरीण हाईत?"

वस्तू दुसरी, तिसरी, चौथी

सोडून देते. कुठल्याही लग्नात जाऊन बघा.

वस्तू जी यादीत नाही

मी उदगीरच्या एका खाजगी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे, ट्रेड टर्नर. दिवसभर पोरांना लेथवर लोखंड कातायला शिकवते. संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड कातते. तिथली मशीन मी स्वतः केली आहे. दोन लोखंडी चॅनेल वेल्ड करून बेड, म्हणजे मशीनचा आडवा पाया, बनवला. मोटर मिरची-कांडपाच्या गिरणीतली, जळालेली. अप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यांनी ती उघडली, नवी तार भरली आणि म्हणाले, "तू म्हातारी होशील, ही व्हायची न्हाई."

त्या मशीनवर मी तंबाखूचे पाइप करते.

हो. तोंडात धरून ओढतात ते. आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही. मीही ओढत नाही.

पहिल्यांदा लाटणं केलं तेव्हा आई खूश झाली. रवी केली तेव्हा शेजारच्या काकू खूश झाल्या, आणखी दोन मागितल्या. पाळण्याचा खांब केला तेव्हा तर मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. देवानंच सुचवलं म्हणाली आणि मला स्थळं बघायला लागली. मग मी पाइप केला. कुणीच खूश झालं नाही. सगळे गप्प. त्या गप्पपणात मला पहिल्यांदा वाटलं की ही वस्तू माझी आहे.

"तू वढतीस का गं?" मावशीनं विचारलं.

"न्हाई."

"मग कशाला करायलीस?"

"मावशी, पाळणा करणारा कातारी दर पाळण्याला बाळंत होतो का?"

मावशी महिनाभर बोलली नाही. तो महिना चांगला गेला. त्यात दोन पाइप झाले.

कृती

बाभूळ घ्या. फांदी नको, बुंध्याची गाठ घ्या. झाडाला कधीतरी मार बसतो, कुऱ्हाडीचा, बैलगाडीचा, कशाचाही, आणि झाड त्या जागी आडवंतिडवं वाढून त्याला उत्तर देतं. ती गाठ. तिच्यातल्या रेषा सरळ नसतात, म्हणून तापली तरी सहजासहजी फाटत नाही.

बारा तास पाण्यात शिजवा. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ते ओता, नवं घाला, परत शिजवा. मग गाठ ज्वारीच्या कोठीत ठेवा आणि सहा महिने विसरा.

मशीनवर चढवा. गोल पटाशी धरा, हात टेकून.

आता दोन भोकं. एक वरून, रुंद, तंबाखूचं. दुसरं बाजूनं, चार मिलीमीटरचं, धुराचं. दुसरं पहिल्याच्या तळाला उघडलं पाहिजे, बरोबर तळाला. जरा वर गेलं तर खाली ओल साचते आणि तंबाखू अर्धी जळून विझते. जरा खाली गेलं तर तळ फुटतो आणि सहा महिने वाया. आतलं काही दिसत नाही. दोन बाजूंनी आंधळं जायचं आणि आत भेटायचं.

लग्नं जुळवणाऱ्यांनी ही कृती वाचू नये.

तेवीस गाठींतून माझे सात पाइप झाले. बाकीच्या सोळांवर आंघोळीचं पाणी तापलं.

मुलगा

रामलिंग. नांदेडला रेल्वेच्या विभागीय कार्यालयात असतो. बघायला आला तेव्हा मोठ्या माणसांनी आम्हाला बोलायला मागं पाठवलं आणि मागं फक्त शेड होती. तो मशीनभोवती एक चक्कर मारून आला, पाइप उचलला, उलटा धरला.

"हे काय हाय?"

सांगितलं. दोन भोकं आत कुठं भेटतात तेही.

"चालतं?"

"फुंकून बघा."

त्यानं फुंकलं. आतला बाभळीचा भुसा त्याच्या नव्या शर्टावर उडाला. तो हसला. मला हसणं आवडलं, म्हणून लगेच सांगून टाकलं: मला नांदेडच्या आयटीआयमध्ये जागा मिळतेय, ती मी घेणार आहे, आणि ही मशीन माझ्यासोबत येणार आहे. बाकी अट काही नाही.

"गच्चीवर एक पत्र्याची खोली हाय आमच्या," तो म्हणाला. "बघू."

हे ‘बघू’ लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

ग्रुप: ‘सुकन्या ❤ रामलिंग शुभविवाह’

*अण्णाराव गुरुजी (रामलिंगचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक):* शुभ सकाळ. व्यसन सोडा, संसार जोडा. उद्या आठ वाजता आपल्या व्यसनमुक्ती फेरीला यावे.

*मावशी:* 🙏🙏🙏

*चुलत भाऊ:* सुकन्याताईचा कारखाना बघा 😎 (फोटो: शेड, मशीन, फळीवर सात पाइप)

*शिल्पा (रामलिंगची बहीण):* वा वैनी! फुलदाण्या का?

*चुलत भाऊ:* पाइप हायत तंबाखूचे 🔥

*चुलत भाऊ यांनी संदेश हटवला.*

*अण्णाराव गुरुजी:* ?

*मावशी:* 🙏

संध्याकाळी गुरुजींचा अप्पांना फोन आला. अप्पा दुकानात मोटर उघडून बसले होते. फोन खांद्यानं कानाशी दाबून ते बराच वेळ "हाव… हाव… बरं" करत राहिले. ठेवल्यावर तार गुंडाळत म्हणाले, "पोरगी पाठवा म्हणतेत, मशीन नगं. जागा न्हाई म्हणतेत."

"गच्चीवर हाय."

"मी तेच म्हणलो."

"मग?"

"मग ते म्हणले, जागा घरात न्हाई म्हणत न्हाई मी, वैजनाथराव. जागा मनात न्हाई."

मास्तर माणूस. वाक्य चांगलं होतं.

मी रामलिंगला फोन लावला. तो म्हणाला, "बघू."

वस्तू पहिली, परत

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेनऊला कार्यालयातल्या लांब टेबलावर पांढरी चादर, त्यावर देऊळ, मोत्यांचे मोर, खोबऱ्याचे कोरीव दिवे. मधोमध माझ्या नावाची पाटी. वऱ्हाड खाली नाश्त्याला बसलं होतं; मुलाकडच्या बायका वर रुखवत बघायला येणार, मग बारा पस्तीसला अक्षता. मी हळदीच्या साडीत होते. "दोन मिनिटांत आले," म्हणाले आणि कापडी पिशवी घेऊन टेबलापाशी गेले.

देऊळ बाजूला सरकवलं. मधल्या जागी स्टँड ठेवला, बाभळीचाच, सात खाचांचा. सात पाइप उभे केले. गुलाबी पाटी उचलून त्यांच्यापुढं ठेवली. वहीच्या कागदावर पेनानं लिहिलं, ‘बाकीच्या वस्तू: लातूर, दुकानातून,’ आणि तो कागद देवळाला टेकवला.

मागून आई.

"काय केलीस गं हे?"

"पाटी खरी केले."

"काढ. पाव्हण्या जिन्यात हाईत."

"आई, यातलं मी केलेलं काय हाय? त्याच्यावर बोट ठेव. बाकी सगळं काढते."

आईनं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. जिन्यातून बांगड्या वाजायला लागल्या. तिनं हात पुढं केला. मला वाटलं, आता स्टँड उचलणार. तिनं तो दोन बोटं सरकवून सरळ केला.

"वाकडं ठिवलं की लोक नावं ठिवतेत," म्हणाली आणि पदर सावरून उभी राहिली.

रामलिंगच्या आई, पार्वतीबाई, पुढं होत्या. मागं शिल्पा, मागं दहा-बारा जणी. पार्वतीबाईंनी रिवाजाप्रमाणं पहिलं बोट देवळावर ठेवलं.

"हे कुणी केलं गं बाई?"

"लातूरच्या दुकानदारानं."

कुणाला हसावं की नाही ते कळेना. तेवढ्यात शिल्पानं देऊळ उचलून मागं बघितलं.

"अगो बया! हे तर माझ्या रुखवतात व्हतं. बटण मागंच हाय बघ, आई. तूच सांगितलीस की, सासूनं इचारलं तर आधी पुठ्ठा कापला म्हण!"

"गप बस," पार्वतीबाई म्हणाल्या. मागच्या दोघी-तिघी एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावत होत्या. त्यांच्याही रुखवतात मोर असणार.

पार्वतीबाईंचं बोट आता स्टँडवर आलं. "आन हे?"

"हे मी केलं."

"काय हाय?"

"तंबाखूचा पाइप."

"शिव शिव." बोट मागं गेलं. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, सरळ आईकडं वळल्या. "जगदेवीबाई, तुमाला ठाव व्हतं का हे?"

ही खरी परीक्षा होती आणि ती माझी नव्हती. आई एकदा ‘नाही’ म्हणाली असती तर सगळं निभावलं असतं. पोरगी वेडी, आईला माहीत नाही, उचला ते, चला जेवायला.

"ठाव कसं नसंल?" आई म्हणाली. "बारा-बारा तास मी शिजवलंय ते. माझ्या पुरणाच्या पातेल्यात."

"पुरणाच्या?"

"हाव. काळं पडलं पातेलं. न्हाईतर तेबी मांडणार व्हते इथं."

अट

अण्णाराव गुरुजी वर आले तेव्हा त्यांच्या हातात अजून नाश्त्याची ताटली होती. त्यांनी पाइप बघितले. गुलाबी पाटी बघितली. मग आवाज न चढवता, वर्गात बोलतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"तीस वर्षं मी पोरांच्या दप्तरांतल्या पुड्या काढून जाळल्या. माझ्या सुनेच्या रुखवतात हे? वैजनाथराव, हे टेबल आवरा. आन मशीन उदगीरातच ऱ्हाईल, एवढं आत्ता सगळ्यांसमोर म्हणा. मग अक्षता."

अप्पांनी टोपी काढली, परत घातली.

"गुरुजी," ते म्हणाले, "मोटर एक एचपीची हाय. आवाज काय करत न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. अप्पांना कळेना आपण काय चुकीचं बोललो. ते खरंच आवाजाबद्दल बोलत होते.

मी म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पुड्यांना मी नावं ठेवत नाही. तुम्ही जाळल्या ते बरोबर केलं. मी एकही पाइप कुणाच्या तोंडात दिलेला नाही. पण मशीन राहिली तर मीपण राहते. रागानं म्हणत नाही. अक्षतांनंतर सांगण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं."

मावशी मटकन खुर्चीत बसली. खाली सनईची कॅसेट चालू होती, ती तशीच चालू राहिली.

रामलिंग जिन्यावर उभा होता. बाशिंग बांधायचं चाललं असताना तसाच आलेला, एक दोरी कानामागं लोंबत. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्याच्या ओठांवर तो शब्द तयार होताना मला दिसला.

"ब…"

"आता बघाच," मी म्हणाले. "बघायलाच मांडलंय."

तो पुढं आला. सातांतून त्यानं पाचवा उचलला. तो सगळ्यात चांगला आहे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडात धरायची काळी नळी अलगद पिळून वेगळी केली, मोबाईलचा दिवा लावला आणि पाइप डोळ्याशी धरला. किती वेळ ते सांगता येत नाही. गुरुजींच्या ताटलीतला शिरा गार होण्याइतका.

"भेटलीत," तो म्हणाला.

"काय भेटलीत?" पार्वतीबाई.

"दोन भोकं. आत. बरोबर तळाला." त्यानं पाइप गुरुजींपुढं धरला. गुरुजींनी घेतला नाही. "अण्णा, गच्चीवरची खोली मी मोजलोय. साडेपाच फुटांचा बेड बसतोय. दोन महिने झाले मोजून. बोललो न्हाई, ते चुकलं."

दोन महिने. आणि मला रोज ‘बघू’. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी बरं वाटलं. दोन्ही एकदम येतात हे मला तेव्हा कळलं.

गुरुजींनी ताटली टेबलावर ठेवली, नेमकी देवळाशेजारी. "मुहूर्त चुकवू नका," म्हणाले आणि खाली गेले. होकार दिला नाही. नकारही परत उच्चारला नाही.

बारा पस्तीसला अक्षता पडल्या. टेबल कुणी आवरलं नाही.

टेम्पो

चार वाजता घरासमोर टेम्पो उभा होता. पलंग चढला होता, गाद्या चढल्या होत्या, लोखंडी कपाट चढलं होतं, भांड्यांची पिंपं चढली होती. मशीन शेडमध्येच होती.

"जागा संपली ताई," ड्रायव्हर म्हणाला. "मला म्हणले, कपाटापतुर भरा आन दोरी बांधा."

"कोण म्हणलं?"

ड्रायव्हर दोरीची गाठ बघायला लागला. गुरुजी फुलांनी सजवलेल्या गाडीशेजारी छत्री उघडत होते. ऊन होतं, ठीक आहे.

भांडण करता आलं असतं. मी शालू वर खोचला आणि टेम्पोत चढले.

"अगं नवरी हाईस!" मावशी ओरडली.

"नवरी हाय म्हणून खालून कुणी अडवत न्हाई. अप्पा, कपाट धरा."

कपाट उतरलं. अप्पा, चुलत भाऊ, ड्रायव्हर आणि दोन आचारी असे पाच जण शेडमधून मशीन घेऊन आले. बेड आधी, मग मोटर वेगळी, पोत्यात गुंडाळलेली. अप्पांनी पोत्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘उलटी ठेवू नये.’ मी जागा करून दिली, गाद्या दोन्ही बाजूंनी लावल्या, दोरी बेडखालून काढली. मग गादीवर बसले, स्टँड मांडीवर घेऊन.

"खाली ये," पार्वतीबाई म्हणाल्या. "गाडी सजवलीया तुझ्यासाठी."

"आत्याबाई, गाडीला मी नसले तरी चालतं. हिला मोकळी सोडली तर पहिल्याच खड्ड्यात बेड वाकतो. मी इथंच बसते."

बायकांत कुजबुज झाली. मग शिल्पानं, तीच जिनं देवळाचं बटण शोधलं होतं, टाळी वाजवली. "बस की मग! पण नाव घेतल्याबिगर टेम्पो हालायचा न्हाई."

मी उभी राहिले. एक हात बेडवर.

"उदगीरची बाभूळ, गोदावरीचा घाट,
रामलिंगरावांचं नाव घेते, सोडा माझ्या मशीनची वाट."

पहिली आई हसली. हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता ड्रायव्हरला म्हणाली, "हळू चालव रे, मुडद्या." गुरुजींनी छत्री मिटली. मिटून ते टेम्पोच्या तोंडासमोरून बाजूला झाले. कपाट उतरल्यापासून ते तिथंच येऊन उभे होते.

वस्तू शेवटची

जळकोटच्या पुढं रस्ता खराब आहे. प्रत्येक खड्ड्याला बेड एकदा वाजतो. मी पदर कमरेला घट्ट खोचलाय आणि मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत टाकलंय. वर्गात पहिल्या दिवशी पोरांना हेच सांगते: मशीनजवळ अंगावर लोंबतं काही नको.

बांधावर ज्वारी कापणाऱ्या बायका उभ्या राहून बघतात. टेम्पोत मशीन, मशीनशेजारी मुंडावळ्या लावलेली बाई, तिच्या मांडीवर सात पाइप, आणि मागं फुलांनी सजवलेली रिकामी-रिकामी दिसणारी गाडी. एकीनं हात केला. मी पाचवा पाइप वर करून दाखवला. तिला काय वाटलं कुणास ठाऊक. तिनं विळा वर केला.

फोन वाजला. रामलिंग, मागच्या गाडीतून.

"डावीकडची दोरी सैल झालीया. इथून दिसतंय. थांबायचं का?"

या वेळी ‘बघू’ नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. "तुम्ही बेड धरा, मी दोरी आवळते."